चोरीची प्रत कशाला, हक्काची मोफत मिळत असताना?

अमळनेरचे नाव निघाले की खान्देशातील व्यापाऱ्याला दोन गोष्टी आठवतात. एक प्रताप मिल आणि दुसरा प्रेमजींचा तेल-तुपाचा कारखाना. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तूप तयार होऊ लागले. १९६६ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकेत शिकत असलेले चिरंजीव अझीम प्रेमजी अवघ्या एकविसाव्या वर्षी परतले आणि त्यांनी कारभार हाती घेतला. पुढे हीच कंपनी ‘विप्रो’ या नावाने संगणकाच्या धंद्यात उतरली आणि जगभर पोहोचली.

तुपाच्या डब्यापासून सॉफ्टवेअरपर्यंतचा हा प्रवास आमच्या जळगाव जिल्ह्यातून सुरू झाला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण याच जिल्ह्यातल्या बाजारपेठेत एक फेरी मारून पाहा. गल्ल्याशेजारी संगणक दिसेल. त्यात हिशेबाचे, पत्र लिहिण्याचे, जाहिरात करण्याचे सॉफ्टवेअरही असेल. ते विकत घेतले काय, असे विचारले तर मालक हसून म्हणेल, ‘विकत कशाला? पोराने टाकून दिले.’ म्हणजे प्रत चोरीची!

आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. २०१९ पर्यंत आमच्याही दुकानात हेच होते.

आमच्यावर काय गुदरले

आमचा धंदा कापडाचा. वडिलांच्या काळी लाल कापडाची वही होती, त्यात उर्दूत उधारी लिहिली जाई. आमचे शिक्षणही उर्दू माध्यमातले, त्यामुळे तीच पद्धत आम्ही चालविली. पुढे पुतण्याच्या आग्रहाने संगणक आला. बसवून देणाऱ्याने सर्व काही ‘फुकट’ टाकून दिले. काम झटपट होऊ लागले तशी आम्ही वही बंद केली. हीच आमची मोठी चूक ठरली.

२०१९ साली रमजानला पंधरा दिवस उरले होते. गाठी सुटत होत्या, खेड्यापाड्यांचे दुकानदार माल उचलत होते. एके दिवशी सकाळी संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला की कुलूप उघडायचे असेल तर पैसे पाठवा. जाणकाराला दाखविले. तो म्हणाला, चोरीच्या प्रतीला चालते करणारी जी फाइल टाकली जाते, तिच्यासोबत असे विषाणू येतात. शिवाय प्रत चोरीची म्हणून तुम्ही सुरक्षेच्या दुरुस्त्याही कधी घेतल्या नाहीत. दोन वर्षांची उधारी गेली. कोणाकडे किती, हे सांगायला कागद उरला नाही.

आम्ही गिऱ्हाइकांना खरे ते सांगून टाकले. काहींनी मौन धरले. पण यावलकडचा आमचा एक जुना तडवी दुकानदार खिशातली छोटी वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘सेठ, तुमचं गेलं म्हणून काय झालं? माझ्याकडे लिहिलेलं आहे.’ त्याने वाचलेला आकडा आमच्या अंदाजापेक्षा जास्त होता. त्या दिवशी आम्हाला लाज वाटली. ज्याच्याकडे संगणक नाही त्याचा हिशेब चोख, आणि ज्याच्याकडे आहे त्याचा चोरीच्या वस्तूवर उभा! तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

कायदा काय म्हणतो

सॉफ्टवेअरची नक्कल ही किरकोळ बाब आहे, असा गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब घालण्यात आले. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे. वापर धंद्याच्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते. पण आपले तर दुकानच आहे!

शरीअतच्या दृष्टीने काय, असाही प्रश्न काही बांधव विचारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरील हक्क हे खरे हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. मापात गजभर कमी देणे जसे वाईट, तसेच हे. यापेक्षा अधिक बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा मुद्दा व्यवहाराचा आहे. चोरी करण्याची गरजच उरलेली नाही, कारण हक्काची मोफत वस्तू हजर आहे.

मोफत तीन प्रकारचे

कापड घेताना आपण पन्हा पाहतो, सूत पाहतो, मग भाव विचारतो. मोफत वस्तूचीही तशीच पारख हवी. आमच्या समजुतीप्रमाणे मोफतचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार ‘मुक्त’ सॉफ्टवेअरचा. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली याची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरावे, त्याची रचना तपासावी, दुरुस्त करावे आणि दुसऱ्यालाही द्यावे, हे चारही हक्क ज्यात मिळतात ते मुक्त. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि ही चळवळ फोफावली. अशा सॉफ्टवेअरची प्रत शेजारच्या दुकानदाराला देणे गुन्हा नाही, उलट ती देणे अपेक्षितच आहे.

दुसरा प्रकार सरकारी सोयींचा. त्या मोफत आहेत कारण त्यांचा खर्च आपल्याच करातून झालेला आहे.

तिसरा प्रकार कंपन्यांच्या मोफत सेवेचा. येथे पैसे घेत नाहीत, पण आपली माहिती घेतात, जाहिराती दाखवितात किंवा पुढे कधी तरी दर लावतात. हे वाईटच असते असे नाही. फक्त आपण काय देतो आहोत ते ठाऊक असावे.

दुकानाची नवी वही

पहिल्या प्रकारात सर्वांत उपयोगी म्हणून आम्ही ‘लिब्रेऑफिस’चे नाव घेऊ. २०१० साली ‘ओपनऑफिस’मधून ते वेगळे निघाले. ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही जर्मनीतील संस्था त्याचा सांभाळ करते. पत्र लिहिण्याला ‘रायटर’ आणि हिशेबाच्या तक्त्याला ‘कॅल्क’ असे त्याचे दोन मुख्य भाग आहेत. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेल्या फाइलीही त्यात उघडतात, आणि त्याचे बटण-यादीचे शब्द मराठीतही मिळतात.

आम्ही कॅल्कमध्ये उधारीची वही केली ती अशी. आडव्या ओळीत सात रकाने: तारीख, नाव, गाव, बिल क्रमांक, बिलाची रक्कम, जमा आणि बाकी. बाकीच्या रकान्यात एकदाच सूत्र लिहायचे की बिलातून जमा वजा कर. तेच सूत्र खाली ओढत नेले की प्रत्येक ओळीची बाकी आपोआप निघते. बेरजेची चूक होत नाही. खरा फायदा पुढे आहे. ‘फिल्टर’ नावाची सोय लावली आणि गावाच्या रकान्यात पारोळा निवडले की फक्त पारोळ्याची गिऱ्हाइके दिसतात. वसुलीला निघण्यापूर्वी तेवढी यादी छापून घ्यायची. तारखेप्रमाणे लावले की सर्वांत जुनी बाकी वर येते. पूर्वी मुनीमजींना यासाठी दुपार लागे.

धुळ्याच्या यंत्रमागधारक मित्रांनी तर याचा विशेष विचार करावा. कारागिराचा हिशेब मीटरवर किंवा नगावर चालतो आणि मधूनमधून उचल घेतलेली असते. आठवड्याच्या शेवटी उचलीवरूनच वाद होतात. एक चिठ्ठी मालकाकडे, एक कारागिराच्या डोक्यात! कॅल्कमध्ये प्रत्येक कारागिराचे एक पान करावे. त्यात किती मीटर, काय दर, किती उचल आणि हाती किती, एवढेच लिहावे. याच सॉफ्टवेअरमधून एका बटणाने पीडीएफ निघते, ती कारागिराच्या मोबाइलवर पाठवावी. मेहनत करणाऱ्याला आपला हिशेब डोळ्यांनी दिसला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. मालकाचाही त्यात फायदा आहे, कारण विश्वास टिकतो. शिंपी बांधवांना मापाची वही, सुतार बांधवांना अंदाजपत्रक याच पद्धतीने ठेवता येईल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जीएसटीचा पूर्ण जमाखर्च, साठ्याची नोंद, ताळेबंद असा मोठा व्याप असेल तर नुसता तक्ता पुरणार नाही. अशा वेळी कर सल्लागाराला विचारून योग्य ते सॉफ्टवेअर रीतसर विकत घ्यावे. तो खर्च धंद्याचा खर्च आहे, दिव्याच्या बिलासारखा.

हिशेबापलीकडे आणखी चार नावे लिहून ठेवा. चित्रफीत पाहायला ‘व्हीएलसी’. पॅरिसच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते निघाले. मोठ्या फाइली दाबून लहान करायला ‘सेव्हन-झिप’. मालाचे फोटो साफ करायला ‘गिम्प’. दुकानाची पाटी, बिलाचा नमुना, काठाची नक्षी काढायला ‘इंकस्केप’. ही चारही मुक्त आहेत.

उर्दू-मराठीची सोय

आमच्यासारख्या उर्दू माध्यमातून शिकलेल्यांची एक वेगळी अडचण होती. लग्नपत्रिका, सेलचे पत्रक उर्दूत छापायचे तर ठराविक सॉफ्टवेअर आणि ठराविक ऑपरेटर लागत असे. एकाकडे केलेला मजकूर दुसऱ्याकडे उघडत नसे. मराठीतही तेच, फॉन्ट बदलला की अक्षरांची खिचडी होई. ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीने हा प्रश्न सोडविला. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला त्यात कायमचा क्रमांक आहे, म्हणून जळगावला लिहिलेले धुळ्याला आणि दुबईलाही तसेच दिसते.

उर्दूसाठी ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा फॉन्ट मोफत आहे आणि त्याचा परवानाही मुक्त आहे. देवनागरीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट असेच मुक्त आहेत. पाटीवर, पत्रकावर, बिलावर खुशाल वापरावेत. मोबाइलच्या कीबोर्डमध्ये उर्दू व मराठी दोन्ही भाषा जोडता येतात, आणि बोलून लिहिण्याचीही सोय असते. ज्यांचा हात टंकलेखनाला वळत नाही, त्यांनी बोलून पाहावे. आमच्या तोंडची मराठी त्याला समजते, मग कोणाचीही समजेल!

जुना संगणक भंगारात टाकू नका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला मिळणारे नेहमीचे मोफत सहाय्य थांबले. अनेक दुकानांतले संगणक पुढच्या आवृत्तीला चालत नाहीत, म्हणून नवा घ्या असा सल्ला मिळतो. घेण्याआधी ‘लिनक्स मिंट’सारखी मुक्त प्रणाली आजमावून पाहावी. चार जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावरही ती बरी चालते आणि लिब्रेऑफिस त्यात आधीच असते. विशेष म्हणजे पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून पाहता येते, मूळ संगणकाला हात लागत नाही. आपला प्रिंटर, बारकोडचे यंत्र, हिशेबाचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालते काय, हे आधी तपासावे. चालत नसेल तर उगाच हट्ट करू नये.

हे काही हौशी लोकांचे खूळ नव्हे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर चालतात. २०१९ साली तेथील ‘काइट’ या सरकारी संस्थेने दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी आवृत्ती काढली, तेव्हा यामुळे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचतात असा हिशेब तिने मांडला होता. जे एका राज्याच्या शाळांना जमते ते आपल्या एका दुकानाला का जमू नये?

सरकारी सोय आणि मधले हात

दुसऱ्या प्रकारच्या मोफत सोयींत आपले नुकसान वेगळ्या रीतीने होते. वस्तू फुकट असते आणि आपण पैसे मोजतो! लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. तिला सरकारी शुल्क एक पैसाही नाही. तरीही सरकारी वाटाव्यात अशा रूपाच्या खासगी साइट शुल्क मागतात आणि आपले बांधव ते भरतात. साधी खूण लक्षात ठेवा. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरून देण्याची मजुरी घेतली तर ती त्याची मेहनत आहे. पण ‘सरकारी फी’ म्हणून मागितली तर पावती मागा.

जीएसटीच्या संकेतस्थळावर रिटर्न तयार करण्याचे ऑफलाइन साधन मोफत आहे. ई-वे बिल काढण्यासही शुल्क नाही. ‘डिजिलॉकर’ २०१५ पासून आहे. त्यात आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे ठेवता येतात.

मोबाइलमधले मोफत

तिसऱ्या प्रकारातले सर्वांना ठाऊक आहे. यूपीआय २०१६ साली आले. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय भरण्यावर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नाही, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. आवाज देणाऱ्या डब्याचे भाडे मात्र वेगळे असते. गिऱ्हाईक कमी असेल तर त्याच्याशिवाय चालते काय ते पाहा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हे दुकानातल्या पोराला दहादा सांगा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप २०१८ साली आले. त्यात मालाची यादी, फोटो आणि भाव मांडता येतात. आमचे काही गिऱ्हाईक आता साडीचे फोटो पाहूनच ताके राखून ठेवायला सांगतात. गूगलच्या खात्यासोबत पंधरा जीबी जागा मोफत मिळते, तेथे हिशेबाची प्रत ठेवता येते. मात्र गिऱ्हाइकांची नावे आणि उधारी ही आपल्याजवळची अमानत आहे. अशी फाइल पासवर्ड लावूनच ठेवावी. लिब्रेऑफिसमध्ये फाइल साठवतानाच पासवर्डची सोय आहे. तो पासवर्ड मात्र विसरू नये, कारण मग ती फाइल मालकालाही उघडत नाही.

तीन खबरदाऱ्या

पहिली, सॉफ्टवेअर नेहमी मूळ संस्थेच्या साइटवरूनच उतरवावे. शोधताना सर्वांत वर दिसते ती बहुधा जाहिरात असते, आणि तिच्यातून नको ती पाहुणी मंडळी घरात येतात. दुसरी, हिशेबाच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक संगणकात आणि एक बाहेर. आम्ही दर जुम्म्याला पेनड्राइव्हवर प्रत घेतो आणि तो पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी नेतो. काम झाल्यावर तो संगणकाला लावून ठेवायचा नाही, नाही तर विषाणू त्यालाही गिळतो. तिसरी, महिन्याच्या शेवटी बाकीची यादी कागदावर छापून ठेवावी. कागदाला विषाणू लागत नाही, हे आम्ही फार पैसे मोजून शिकलो आहोत.

शिकायचे कोठे?

‘आता या वयात कोण शिकणार?’ असे म्हणणारे बरेच भेटतात. आम्ही पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. त्यात लिब्रेऑफिस, लिनक्स, गिम्प, इंकस्केप यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. ते मोफत आहेत आणि मराठीतूनही ऐकता येतात. शिक्षकाचा आवाज ऐकायचा, तो थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे आणि पुढे जायचे. रोज दुपारच्या मंदीत एक धडा केला तरी महिन्याभरात दुकानदाराला पुरेल एवढे ज्ञान होते.

आमची एक सूचना आहे. आपल्या उर्दू शाळांच्या संगणक खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. शाळेच्या चालकांनी आठवड्यातून एक दिवस त्या व्यापारी-कारागिरांसाठी उघडाव्यात. शिकवायला आपलीच शिकलेली मुले-मुली पुढे येतील. मुक्त सॉफ्टवेअर जगभरचे स्वयंसेवक तयार करतात, त्याचे भाषांतरही तेच करतात. उर्दू आणि मराठी दोन्ही उत्तम येणारी आपली मुले या कामाला फार उपयोगी पडतील. नुसते घेत राहू नये, आपल्या पदरचेही काही द्यावे.

तूर्त एवढे तरी करा. येत्या सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या संगणकात काय काय भरले आहे त्याची यादी करा. त्यातले कोणते विकत घेतलेले, कोणते मुक्त आणि कोणते चोरीचे, अशा तीन खुणा करा. चोरीच्या प्रत्येक नावासमोर एकतर त्याचा मोफत पर्याय लिहा किंवा विकत घेण्याची तारीख लिहा. मग संगणकाला हात लावण्याआधी उधारीची प्रत बाहेर काढून ठेवा.

यावलचा तो दुकानदार अजूनही माल न्यायला येतो. आता त्याची वही आणि आमचा संगणक आम्ही दर वेळी समोरासमोर ठेवून मिळवून पाहतो. गेल्या खेपेला दोन्हींचा आकडा पैशापैशाने जुळला, आणि चहा त्याने पाजला.